बलाढ्य संघांना ओहोटी का लागते?

मिरज : मिरज जंक्शनवरून निघणाऱ्या तीन वाटा फुटबॉलच्या तीन जुन्या गडांकडे जातात. पश्चिमेची गाडी कोल्हापूरला, दक्षिणेची बेळगाव-लोंढामार्गे वास्कोला आणि उत्तरेची पुण्यावरून मुंबईला. (पंढरपूरकडे जाणारी चौथी वाट निराळ्या भक्तांची.) पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाला, लोंढ्याकडचा मार्ग मात्र नव्वदच्या दशकापर्यंत मीटरगेजच राहिला. त्या दोन दशकांत मुंबईहून रेल्वेने गोव्याला निघालेल्या प्रवाशाला मिरजेत उतरून गाडी बदलावी लागे. आज गाडी बदलावी लागत नाही. पण या तीन वाटांच्या टोकांना असलेला फुटबॉल पुरता बदलून गेला आहे. मुंबईतील कंपन्यांचे संघ इतिहासजमा झाले. गोव्यातील ज्या क्लबांनी एके काळी साऱ्या देशाला नमविले, ते राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले. कोल्हापुरात गर्दी आहे, ईर्षा आहे. पण तिथला खेळ शहराच्या वेशीबाहेर फारसा पडत नाही. आणि या तिन्ही ठिकाणांना खेळाडू पुरविण्याची अपेक्षा ज्याच्याकडून होती, तो महाविद्यालयीन संघ वर्षातून काही दिवस उगवतो आणि मावळतो.

संघ संपला की त्याची कारणे खेळाडूंत शोधली जातात. पोरांना मेहनत नको, हाती मोबाईल आला, क्रिकेटने सारे गिळले, असे कट्ट्यावर बोलले जाते. त्यात तथ्य असेलही; परंतु मुंबई आणि गोव्याचा अनुभव वेगळेच सांगतो. तिथे संघ संपले ते हरल्यामुळे नव्हे. त्यातले काही तर जिंकत असतानाच संपले.

मालकाची मर्जी, मालकाचा हिशेब

मुंबईच्या रोव्हर्स चषकाची सुरुवात १८९१ मध्ये झाली. आरंभी ब्रिटिश पलटणींच्या संघांची मक्तेदारी असलेली ही स्पर्धा पुढे देशातील मानाच्या स्पर्धांत गणली गेली आणि एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर बंद पडली. तिच्या भरभराटीच्या काळात मुंबईच्या फुटबॉलचा कणा होता तो कंपन्यांचा. टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, ऑर्के, महिंद्र ही नावे त्या काळच्या प्रेक्षकांना क्लब म्हणूनच ठाऊक होती. व्यवस्था सरळ होती. खेळाडूला कंपनीत नोकरी मिळे, सकाळी सराव होई, दुपारी टेबलावर हजेरी लागे आणि गुडघा कायमचा दुखावला तरी पगार चालू राही. मध्यमवर्गीय किंवा कामगार घरातील बापाला मुलाला मैदानावर पाठविण्यासाठी एवढी हमी पुरेशी होती.

पण ही हमी संघाची नव्हे, मालकाची होती. गिरण्यांचा उद्योग आटला तेव्हा त्यांच्या नावाचे संघही मैदानावरून दिसेनासे झाले. सर्वांत बोलके उदाहरण महिंद्र युनायटेडचे. या संघाने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीगचे विजेतेपद मिळविले. देशातील सर्वोच्च किताब मुंबईत आणल्यावर अवघ्या चार वर्षांनी, २०१० मध्ये, कंपनीने हा संघ बंद केला. यापुढे शालेय पातळीवरील फुटबॉलवर लक्ष देऊ, असे तेव्हा सांगण्यात आले. पुढच्याच वर्षी पंजाबात फगवाड्याच्या जेसीटीने तोच मार्ग धरला. १९९६-९७ मधील पहिल्या राष्ट्रीय लीगचा हा विजेता. दोन्ही ठिकाणी मैदान शाबूत होते, प्रशिक्षक होते, करंडकांनी भरलेली कपाटे होती. नव्हते ते एकच : संघ चालवण्याचे कारण.

गोव्याची कथा याहून गुंतागुंतीची आहे आणि म्हणूनच अधिक उद्बोधक. २००७-०८ पासून २०१२-१३ पर्यंत आय-लीगचे सहा हंगाम झाले आणि सहाही वेळा विजेतेपद गोव्याकडेच गेले. धेंपो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. कोलकात्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्यामागे लाखो पाठीराखे असताना, एका लहानशा राज्यातील तीन क्लबांनी सलग सहा वर्षे करंडक बाहेर जाऊ दिला नाही. मराठी मुलखालगत एवढे सामर्थ्य पूर्वी क्वचितच एकवटले असेल. मात्र २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले.

या माघारीचा संबंध अनेकदा खाणबंदीशी लावला जातो. २०१२ मध्ये गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, पैसा आटला, क्लब बसले, असा हा युक्तिवाद. तो सोयीचा आहे, पण अपुरा आहे. धेंपो समूहाने आपला खाण व्यवसाय २००९ मध्येच सेसा गोवाला विकला होता. त्यानंतरही या क्लबने २००९-१० आणि २०११-१२ अशी दोन विजेतेपदे मिळविली. म्हणजे खाण गेली तरी संघ राहिला होता. तो गेला तो शिडी काढून घेतल्यावर. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली; पुढे तिलाच देशातील सर्वोच्च स्पर्धा करण्याचा आराखडा पुढे आला. आय-लीग जिंकणाऱ्याला वरच्या पायरीवर जाण्याची वाट त्यात नव्हती. कितीही जिंकलात तरी दुय्यमच राहाल, असे ज्याला आधीच सांगितले गेले, त्या मालकाने कोट्यवधी रुपये का घालावेत?

या नव्या व्यवस्थेने तरी स्थैर्य आणले काय? पुण्यापुरते पाहायचे तर पुणे एफसी गेला, भारत एफसी एका हंगामाचा पाहुणा ठरला, डीएसके शिवाजीयन्स गेला आणि सुपर लीगमधील एफसी पुणे सिटीनेही २०१९ मध्ये गाशा गुंडाळला. जुलै २०२५ मध्ये तर सुपर लीगच्या आयोजकांनी महासंघाबरोबरच्या कराराचा प्रश्न सुटेपर्यंत पुढचा हंगामच रोखून धरला. जुन्या मालकाच्या मर्जीवर टीका करणाऱ्यांना नवा मालकही मर्जीचाच निघाला. धेंपो मात्र खालच्या पायरीपासून खेळत २०२४-२५ च्या हंगामासाठी आय-लीगमध्ये परतला, ही नोंद त्या क्लबच्या चिवटपणाची म्हणून करावीच लागेल.

राज्याच्या संघाचे चित्रही निराळे नाही. संतोष करंडक मुंबई-महाराष्ट्राने चार वेळा जिंकला. त्यातला शेवटचा १९९९-२००० च्या हंगामात. त्यानंतर २०१६ मध्ये नागपुरात घरच्या प्रेक्षकांसमोर अंतिम फेरी गाठूनही सेनादलाकडून २-१ अशी हार पदरी आली. पाव शतक उलटून गेले, करंडक परतलेला नाही.

महाविद्यालयाचा संघ कोणाचा?

कंपनीचा संघ मालकाचा, हे निदान स्पष्ट होते. महाविद्यालयाचा संघ कोणाचा, याचे उत्तर आजही कोणाजवळ नाही.

शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ ची. कोल्हापूर, सांगली, सातारा हे जिल्हे त्याच्या कक्षेत. सोलापूर २००४ मध्ये स्वतंत्र विद्यापीठामुळे वेगळे झाले. महाविद्यालयांच्या स्पर्धा आधी विभागीय पातळीवर, मग आंतरविभागीय. त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. तो पश्चिम विभागात खेळतो आणि तिथे टिकला तर अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत पोहोचतो. कागदावर ही शिडी सुबक आहे. प्रत्यक्षात महाविद्यालयाचा संघ जमतो तो स्पर्धेच्या थोडा आधी. निवड चाचणी, चार दिवसांचा सराव, दोन किंवा तीन सामने, की जर्सी पुन्हा जिमखान्याच्या कपाटात. वर्षभराची लीग नाही. एक सामना हरला की त्या मुलाचा महाविद्यालयीन हंगाम संपतो. तीन वर्षांच्या पदवीत असे तीनच हंगाम.

त्यातही एक जुनी भेग आहे, तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. महाराष्ट्रात अकरावी-बारावीचा विद्यार्थी महाविद्यालयाच्या आवारात बसत असला तरी खेळतो तो शालेय स्पर्धेत, एकोणीस वर्षांखालील गटात. आणि नेमकी हीच दोन वर्षे प्रवेशपरीक्षांच्या शिकवण्यांची. मिरजेत १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, शेजारी सांगलीत १९४७ पासून वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. घराच्या दारात अशी दोन प्रवेशद्वारे दिसत असताना सोळाव्या वर्षी मुलाला मैदानावर ठेवणे पालकांना परवडत नाही, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा? शाळेत चमकलेली मुले या दोन वर्षांत गळतात. पदवीच्या वर्गात उरतात ती प्रामुख्याने कला आणि वाणिज्य शाखेची, बऱ्याचदा शिकता शिकता कमावणारी.

सांगली-मिरज रस्त्यावरचे विलिंग्डन महाविद्यालय १९१९ चे. त्या पिढीतील संस्थांनी विस्तीर्ण आवारे राखली, मैदाने राखली. एरवी शहरांत जागेसाठी गळा काढला जातो. इथे अडचण जागेची नाही. अडचण आहे ती माणसाची. सर्व खेळांसाठी मिळून महाविद्यालयात एक शारीरिक शिक्षण संचालक असतो. तोच कबड्डीचा, तोच कुस्तीचा, तोच फुटबॉलचा. अनुदानित महाविद्यालयांतील रिक्त जागांचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळल्याने काही ठिकाणी तोही नाही. सत्र परीक्षा आल्यापासून वर्षातून दोनदा परीक्षा आणि मध्ये अंतर्गत मूल्यमापन, यांतून सरावाची वेळ काढायची ती कोणी आणि कशी? अशा स्थितीत जो संघ जिंकतो तो महाविद्यालयाने घडविलेला नसतो. तो बाहेर घडलेला असतो; महाविद्यालय त्याला फक्त प्रवेश देते.

हे असेच असायला हवे, असे मात्र नाही. केरळात कालिकत विद्यापीठ १९६८ मध्ये स्थापन झाले आणि तीनच वर्षांनी, १९७१ मध्ये, त्याने सर आशुतोष मुखर्जी करंडक, म्हणजे आंतरविद्यापीठ फुटबॉलचे विजेतेपद मिळविले. सुरुवातीच्या काळात या स्पर्धेवर कोलकात्याचा दबदबा होता. तो मोडून केरळची विद्यापीठे पुढे आली आणि टिकली. कारण तिथे महाविद्यालयांत खेळाडूंचे वसतिगृह आहे, प्रवेशाचा राखीव कोटा आहे आणि गावोगावच्या सेव्हन्स स्पर्धांतून आलेला मुलगा महाविद्यालयात पोहोचल्यावर त्याला वर्षभर सराव देणारा प्रशिक्षकही आहे. महाविद्यालयाने तिथे स्वतःला संघाचा मालक मानले.

उत्तरेकडे हीच गोष्ट पैशाने झाली. विद्यापीठांच्या एकंदर क्रीडा कामगिरीसाठी दिला जाणारा मौलाना अबुल कलाम आझाद करंडक १९५६-५७ मध्ये सुरू झाला. त्याचा पहिला मानकरी मुंबई विद्यापीठ. पुढे दिल्ली, पंजाब विद्यापीठ, अमृतसरचे गुरू नानक देव विद्यापीठ असे बालेकिल्ले बदलत गेले. २०२४ चा हा करंडक मिळाला तो चंडीगड विद्यापीठाला. हे खासगी विद्यापीठ आणि त्याची स्थापना २०१२ ची. उपविजेते जालंधरजवळचे आणखी एक खासगी विद्यापीठ. शिष्यवृत्ती, मोफत निवास, आहार आणि शुल्कमाफी देऊन देशभरातून खेळाडू गोळा करायचे, हा तिथला सरळ व्यवहार. त्याला नाके मुरडता येतील, पण ज्या मुलाला घरी दूध-अंड्याचा खर्च झेपत नाही त्याला हा व्यवहार फायद्याचाच वाटणार.

महाविद्यालयीन खेळावर जिथे अफाट पैसा वाहतो त्या अमेरिकेतही बालेकिल्ले ढासळतात. (तिकडे ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ वेगळा; चेंडू लांबट आणि बहुतेक वेळ हातातच.) एके काळी येल, प्रिन्स्टन आणि हार्वर्ड हे त्या खेळाचे अनभिषिक्त राजे होते. शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वेंगरला १९३५ मध्ये पहिला हाइझमन करंडक मिळाला, आणि त्याच विद्यापीठाने १९३९ मध्ये आपला संघच बंद केला. अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांना विद्यापीठाचे काम वेगळे आहे असे वाटत होते. तो निर्णय चूक की बरोबर यावर तिथे आजही वाद होतो; पण तो निर्णय होता. नेब्रास्कासारख्या पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळविणाऱ्या विद्यापीठाला १९९७ नंतर एकही विजेतेपद मिळालेले नाही. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावण्याची मुभा मिळाली आणि २०२५ पासून विद्यापीठे त्यांना थेट वाटा देऊ लागली. वर्षाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. १९१५ पासून चालत आलेल्या पॅसिफिक किनाऱ्यावरील संघटनेतील बारापैकी दहा विद्यापीठे २०२४ मध्ये दुसरीकडे निघून गेली. परंपरा ही तिथेही भांडवल ठरली नाही.

शिकागोने संघ बंद केला तो विचारपूर्वक. आपल्याकडे महाविद्यालयाचा संघ कोणी बंद करीत नाही. तो नुसता चालू असतो.

पेठेचा संघ मरत नाही

आता मिरजेहून पश्चिमेची गाडी. पन्नासेक किलोमीटरवरच्या कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस, फुलेवाडी या संघांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम आजही भरते. त्यातील बहुतेकांच्या नावातच तालीम आहे. कुस्तीच्या आखाड्याभोवती जमलेल्या पेठेने फुटबॉलही आपलासा केला. या संघांना बाजारातील मंदी मारू शकली नाही, सुपर लीग मारू शकली नाही, दूरचित्रवाणीवरचा युरोपीय फुटबॉलही मारू शकला नाही. याचे कारण त्यांचा मालक कोणी एक नाही. संघ पेठेचा असतो. आजोबा त्याच संघाचे, बाप त्याच संघाचा आणि पोरगाही त्याच रंगाचा झेंडा घेऊन गॅलरीत. असा मालक हिशेबाची वही मिटून निघून जात नाही. गडहिंग्लजसारख्या तालुक्याच्या गावात दिवाळीत फुटबॉलची स्पर्धा भरते आणि गाव मैदानावर लोटते, तेही याच बळावर. मिरजेतही या खेळाची ओढ जुनीच आहे.

मात्र पेठेच्या संघाचे बळ तीच त्याची मर्यादा. ईर्षा पेठेपेठेची असल्याने जिंकायचे ते शेजाऱ्याला. त्यासाठी काही हंगामांत आफ्रिकी खेळाडूही आणले गेले. राजकीय नेत्यांच्या नावांच्या चषकांची बक्षिसे वाढत गेली. पराभवानंतर गॅलरीतून दगड-बाटल्या येण्याचे प्रकारही घडले. स्थानिक हंगामात एवढी ऊर्जा खर्ची पडते की वरच्या पायरीचा विचार करायला कोणाला सवड नसते. एवढ्या मोठ्या परंपरेच्या या शहरातील तालमीचा संघ आय-लीगमध्ये कधी खेळला नाही. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारतीय संघातून खेळला. साऱ्या शहराने त्याचा अभिमान बाळगला तो योग्यच; पण तो घडला पुण्यात, बालेवाडीच्या शासकीय क्रीडा प्रबोधिनीत. पेठेने त्याला वेड दिले असेल, शिडी शासनाने दिली. महाविद्यालय या प्रवासात कुठेही आले नाही. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला राज्य सरकारने दहा लाख मुलांना फुटबॉल खेळविण्याचा उपक्रम गाजावाजाने केला होता. त्या दिवशी चेंडू वाटले गेले. पुढे काय, हे मात्र ज्या त्या शाळेवर सोपविले गेले.

एका प्रमाणपत्राची किंमत

या साऱ्याचा हिशेब अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाच्या बाजूने मांडला तर चित्र विचित्र दिसते. तो वर्षातले सहा-सात महिने पेठेसाठी किंवा गावच्या क्लबसाठी खेळतो. तिथे त्याला बूट मिळतात, मान मिळतो, क्वचित मानधनही मिळते. महाविद्यालयासाठी तो खेळतो चार दिवस.

पण कंपनीची नोकरी गेल्यावर खेळाडूला उरलेला मोठा आधार म्हणजे शासकीय सेवेतील खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण. २००५ पासून लागू असलेल्या या सवलतीसाठी राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवरच्या अधिकृत स्पर्धेतील कामगिरीचे प्रमाणपत्र लागते. बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आल्यापासून त्याची पडताळणीही कडक झाली आहे. नेत्याच्या नावाचा चषक, त्यात केलेले अंतिम सामन्यातले दोन गोल आणि त्या रात्री पेठेतून निघालेली मिरवणूक यांची त्या अर्जात नोंद करायला रकाना नाही. विद्यापीठाच्या स्पर्धेला तिथे स्थान आहे. म्हणजे ज्या जर्सीसाठी मुलगा वर्षभर घाम गाळतो तिला कागदावर किंमत नाही, आणि जिला किंमत मिळू शकते ती जर्सी त्याच्या अंगावर चारच दिवस राहते. त्या चार दिवसांत विद्यापीठाच्या निवड समितीचे लक्ष गेले नाही, पाय मुरगळला किंवा सत्र परीक्षेचा पेपर आडवा आला, की पुन्हा पुढचे वर्ष.

उपाय फार मोठे आहेत असे नाही. विभागात दहा महाविद्यालये जरी फुटबॉल खेळत असली तरी बाद पद्धतीऐवजी साखळी सामने घेतल्यास प्रत्येक संघाला नऊ सामने मिळतात. शनिवार-रविवारी खेळवले तर ते पावसाळा संपल्यापासून दोन-अडीच महिन्यांत आटोपतात, आणि मैदाने तर आहेतच. तालमीच्या प्रशिक्षकाला मानधनावर महाविद्यालयात बोलावणेही अशक्य नाही. नाही तरी संघ त्यानेच घडविलेला असतो. यासाठी हवी ती विद्यापीठाच्या क्रीडा विभागाची तयारी आणि महाविद्यालयांच्या जिमखाना निधीतील थोडी रक्कम. दरवर्षी विद्यार्थ्यांकडून शुल्काबरोबर ती घेतली जातेच.

तोवर सत्र सुरू झाल्यावर महाविद्यालयाच्या फलकावर निवड चाचणीची सूचना लागेल. तालमीतली पोरे कामावरून सुटून, बुटांची पिशवी खांद्याला लावून येतील. आपली नावे लिहून देतील आणि सामना कोणत्या तारखेला, एवढेच विचारून पेठेच्या सरावाला निघून जातील.